खलनायकाच्या तोंडी लेखकाचं भाषण

कंदील

परवा २०१९चा 'जोकर' पुन्हा पाहिला. चित्रपट मला तेव्हाही आवडला होता, आजही आवडतो. पण या वेळी दोन जागी मी अवघडून बसलो आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

पहिली जागा सरकारी समुपदेशक बाईंच्या खोलीतली. बाई आर्थरला, म्हणजे पुढे जोकर होणाऱ्या माणसाला, सांगतात की शहराने निधी कापलाय, कार्यालय बंद होतंय, ही आपली शेवटची भेट. इथवर चोख. मग त्या म्हणतात, तुझ्यासारख्या माणसांचं या लोकांना काही पडलेलं नाही, आणि माझ्यासारख्यांचंही नाही. त्यावर आर्थर विचारतो, मग आता माझी औषधं कुठून मिळणार? मी बोलायचं कोणाशी? सात प्रकारच्या गोळ्या चालू असलेला माणूस हे विचारतोय. त्या प्रश्नात निधीकपात आली, यंत्रणा आली, एकटेपणा आला. मग त्याआधीचं ते वाक्य कशाला? ते बाई आर्थरला सांगत नाहीत, लेखक मला सांगतोय.

दुसरी जागा टॉक शोची. शोचा सूत्रधार मरे फ्रँकलिन याच्या शेजारी बसून आर्थर खुनांची कबुली देतो आणि शेवटचा विनोद म्हणून विचारतो की मानसिक आजार असलेला एकटा माणूस आणि त्याला वाऱ्यावर सोडणारा समाज यांची गाठ पडली तर काय होतं. इतका वेळ जे डोळ्यांनी पाहिलं तेच आता फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं वाटलं.

आणि याच चित्रपटात याच्या नेमकं उलटही आहे. रेल्वेतल्या खुनांनंतर आर्थर पळत एका स्वच्छतागृहात शिरतो, दार लावून घेतो आणि हळूहळू नाचू लागतो. दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी सांगितलंय की पटकथेत तिथे वेगळंच होतं, बंदूक लपवायची, तोंडाचा रंग धुवायचा. ऐन चित्रीकरणाच्या वेळी ते त्यांना आणि आर्थर साकारणाऱ्या वाकीन फीनिक्सला, दोघांनाही पटेना. संगीतकार हिल्डर गुडनाडोत्तिर यांनी पाठवलेला चेलोचा एक तुकडा फिलिप्स यांनी फीनिक्सला ऐकवला आणि तो नाचायला लागला. एक शब्द नाही. पाय आधी सरकतात, मग हात उघडतात. खून करून आलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं अंग स्वतःचं वाटतंय, हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. ज्यांना हे जमतं त्यांना ती दुसरी वाक्यं का लिहावीशी वाटली?

मला वाटतं, खलनायकाला मध्यभागी आणलं की लेखकाला दोन भीती एकदम धरतात. हा असा का झाला हे प्रेक्षकाला कळणारच नाही, ही एक. आणि नको इतकं कळेल, तो याच्याच बाजूला जाऊन उभा राहील, ही दुसरी. पहिल्या भीतीतून कैफियत येते, दुसरीतून उपदेश. दोन्ही वेळा पात्र गप्प होतं आणि लेखक बोलायला लागतो. तुम्हाला काय वाटतं?

जुनीवही

चांगला विषय. दुसऱ्या भीतीचं वय मात्र बरंच जास्त आहे.

१९३२चा 'स्कारफेस' हा हॉवर्ड हॉक्सचा गुंडपट. सेन्सॉरवाल्यांना धास्ती होती की लोक या गुंडाला नायक मानतील. मग सुरुवातीलाच पाटी आली की हा चित्रपट टोळीराज्यावर आणि सरकारच्या बेफिकिरीवर ठपका ठेवतो, आणि प्रेक्षकाला थेट सवाल, तुम्ही याबद्दल काय करणार आहात? मूळ नावाला 'राष्ट्राची लाज' अशा अर्थाचं शेपूट जोडलं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून मध्येच एक प्रसंग घुसवला. वृत्तपत्राचा मालक टेबलामागे उभा राहून चार प्रतिष्ठितांना सुनावतो की कायदे करा, लोकांनी जागं व्हावं. त्या प्रसंगात ना टोनी, म्हणजे तो गुंड, आहे ना गोष्ट. आज पाहिलं तर ठिगळ लांबून दिसतं, प्रकाशयोजनासुद्धा वेगळी वाटते.

१९३० साली हॉलिवूडने हेज संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, स्वीकारली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही हा तिचा पायाच. म्हणजे तेव्हा उपदेश हा परवान्याचा भाग होता, बाहेरून लादलेला. आताचे लेखक तो आपणहून घालतात, त्याचं जास्त वाईट वाटतं.

सांजपाखरू

+१. आपल्याकडचं उदाहरण 'शोले'. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो असा शेवट रमेश सिप्पींनी चित्रित केला होता. आणीबाणीचा काळ, सेन्सॉरने अडवलं. मग ऐन वेळी पोलीस येतात आणि शिक्षा देणं कायद्याचं काम आहे हे ठाकूरला, म्हणजे आपल्याला, समजावून सांगतात. तीन तास साठवलेला राग एका सूचनाफलकासमोर येऊन थांबतो.

तिसरीघंटा

कंदील, तुमच्या मताशी निम्मा सहमत आहे. पण लांब बोलणं, टाळीचं वाक्य, पल्लेदार संवाद हे दोष नाहीत. आपण मराठी-हिंदी रंगभूमी आणि सिनेमावर वाढलेली माणसं, खलनायक घसा मोकळा करून बोलला की आपल्याला आनंदच होतो. तो आनंद खरा आहे. प्रश्न एवढाच की बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवंय?

१९७५चाच 'दीवार' घ्या. विजय पोटतिडकीने समाजाचा हिशोब मांडतो, आणि ते दृश्य अजून पाठ असणारी माणसं मला माहीत आहेत. पण त्यात नीट पाहा, दोघा भावांच्या मध्ये एक कागद आहे. रवीला कबुलीजबाबावर सही हवी आहे. विजय ती देणार नाही. आणि न देण्याचं कारण त्याच्या हातावर गोंदलेलं आहे. माझ्या हातावर हे ज्यांनी लिहिलं त्यांची सही आधी आण, हे त्याचं म्हणणं. सामाजिक आशय ठासून भरलाय, अगदी उघड आहे, तरी एक अक्षर प्रेक्षकासाठी नाही. सगळं त्या कागदाभोवती फिरतंय. सलीम-जावेद यांनी तो कागद काढून टाकला असता तर तेच शब्द भाषण झाले असते.

स्वतःचा अनुभव सांगतो. मी एक छोटं नाटक लिहिलं होतं. एक कारकून वर्षानुवर्षं खोट्या सह्या करून माणसांना त्यांच्याच घरातून बाहेर काढतो. शेवटच्या प्रवेशात मी त्याला अर्ध्या पानाचं बोलणं दिलं होतं, व्यवस्थेने त्याला कसं घडवलं वगैरे. मला ते फार आवडायचं. आमच्या नटाचं पाठांतर उत्तम, बाकी सगळी नक्कल त्याला दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. पण त्या अर्ध्या पानावर तो रोज अडखळायचा. रोज वेगळ्या जागी. आठवडाभराने वैतागून म्हणाला, "दादा, हे मी कोणाला सांगतोय तेवढं सांगा, मग येईल." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्या प्रत्येक वाक्याला आधीच्या पात्राचा क्यू होता, धक्का होता. या परिच्छेदाला मागून कोणी ढकलतच नव्हतं. तो काढला. त्याच्या जागी कारकून समोरच्या म्हाताऱ्याला पेन पुढे करतो आणि म्हणतो, "सही तुम्हीच करा, माझी कोणी मानत नाही." हे वाक्यही नटानेच तालमीत सुचवलं.

अर्धविराम

तिसरीघंटा, त्या पेनच्या जागेसाठी तुम्हाला मनापासून दाद.

मी सबटायटल करते. दोन ओळींत, आणि वाचायला वेळ मिळेल एवढ्याच अक्षरांत सगळं बसवावं लागतं, त्यामुळे काहीतरी गाळणं रोजचंच. काय गाळता येतं यावरून पटकथेची नाडी कळते. 'चावी दे' गाळता येत नाही. 'तू कालही असंच म्हणालास' गाळलं तर तीन प्रसंगांनी अडचण येते. पण 'या जगात दुबळ्याला जागा नाही' छापाचं वाक्य उचलून बाजूला ठेवलं तर पुढचं काहीही कोसळत नाही. कोणी त्याला उत्तर दिलेलं नसतं, कोणाचा निर्णय त्यामुळे बदललेला नसतो. खलनायकपटांत अशी सुटी वाक्यं इतर चित्रपटांपेक्षा जास्त सापडतात, हा माझा कामातला अनुभव.

उलट बाजूचं एक उदाहरण. 'ब्लॅक पँथर'मधला (२०१८) खलनायक किलमाँगर पहिल्यांदा संग्रहालयात दिसतो. काचेमागे आफ्रिकी वस्तू, शेजारी तिथली तज्ज्ञ बाई, हातात कॉफी. तो विचारतो, तुमच्या पूर्वजांनी या वस्तू कशा मिळवल्या असं वाटतं? रास्त किंमत मोजली होती का? यापेक्षा उघड सामाजिक विधान काय असणार! पण तो हे बोलत असताना कॉफीतलं विष बाईंच्या अंगात भिनतंय. आपण त्याच्या मुद्द्याला मान डोलावतोय आणि त्याच मिनिटाला तो एक खून करतोय. वाक्य गाळलं तर विषाला वेळ मिळत नाही. अशा जागी मी एक शब्द कमी करत नाही.

रानवाट

मला थोडं वेगळं बोलायचं आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

माझ्या सख्ख्या भावाला बरीच वर्षं मानसिक आजार आहे. कंदील, तुम्हाला खटकलेलं ते समुपदेशक बाईंचं वाक्य मला खटकलं नाही. 'माझ्यासारख्यांचंही नाही' हे त्या बाईने म्हणणं मला फार खरं वाटलं. रुग्ण आणि त्याला सांभाळणारी बाई एकाच बाकावर बसलेल्या असतात, आणि हे तिने आधी कधी कबूल केलेलं नसतं. ते ती आर्थरलाच सांगते. निरोप घेताना माणसं असं बोलतात.

आर्थरच्या वहीतलं ते वेडंवाकडं, चुकीच्या स्पेलिंगचं वाक्यही तसंच. आजार असण्यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे तो नसल्यासारखं तुम्ही वागावं अशी लोकांची अपेक्षा असते, अशा अर्थाचं. संदेश म्हणाल तर नागडा. पण तो विनोदांच्या वहीत खरडलेला आहे, कोणाला ऐकवलेला नाही. मी तो वाचला आणि चित्रपट थांबवून थोडा वेळ तशीच बसले.

माझी तक्रार दुसरीच आहे. चित्रपट ओरडून सांगतो की मदत काढून घेतली म्हणून हा माणूस असा झाला. आता प्रसंगांचा क्रम आठवा. रेल्वेतले तीन खून आधी होतात. निधी कापल्याची बातमी त्यानंतरच्या भेटीत येते. म्हणजे पहिला खून करताना त्याची भेटही चालू होती आणि गोळ्याही. संवाद एक कारण सांगतोय, गोष्ट दुसरं दाखवतेय. आणि या दोन्हींच्या खाली न बोललेला तिसरा संदेश तसाच राहतो, की असा आजार असलेला माणूस आज ना उद्या कोणाच्या तरी जिवावर उठणार. वास्तवात अशी बहुतेक माणसं कोणाला इजा करत नाहीत. त्यांच्यावरच हिंसा होण्याचा धोका जास्त असतो. माझ्या भावाला रस्त्यात मार बसलाय, त्याने कोणाला मारलेलं नाही. ठळक अक्षरात लिहिलेल्या संदेशाबद्दल आपण इतकं बोलतो, पण पुसट अक्षरातला हा संदेश लोक घरी घेऊन जातात.

जुनीवही

रानवाट, क्रमाचा हा मुद्दा मी तीनदा पाहूनही माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर आहे तुमचं.

यावरून 'सायको' (१९६०) आठवला. सगळं उलगडून झाल्यावर हिचकॉक एका मानसोपचारतज्ज्ञाला खोलीत उभा करतो आणि तो खुनी नॉर्मनच्या मनाचं सविस्तर स्पष्टीकरण देतो. सगळे बसून ऐकतात. आईने काय केलं, मुलाने काय केलं, कोण कधी कोण होतं. ठोकळेबाज, आणि तुम्ही म्हणता तसं आजाराला लेबल लावून मोकळं होणारं. पण लगेच पुढे कोठडी आहे. अंगावर घोंगडी, हातावर माशी, आतला आवाज म्हणतोय की मी ही माशीसुद्धा मारणार नाही, आणि नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सचं ते हसू. तज्ज्ञाने जे समजावून बंद केलं होतं ते सगळं त्या चेहऱ्याने परत उघडलं. एकाच चित्रपटात, एकमेकांना लागून.

बाभूळ

कैफियतीचा आणखी एक प्रकार राहिला. मूळ गोष्टीत नसलेलं सामाजिक कारण खलनायकाला चिकटवणं.

मार्व्हलचा खलनायक थॅनोस. १९९१च्या कॉमिक्समध्ये तो अर्धी सृष्टी संपवतो ती साक्षात मृत्यूदेवतेला खूश करण्यासाठी. कारण वेडं, पण त्याचं स्वतःचं. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये (२०१८) त्याला लोकसंख्या आणि संसाधनांची काळजी दिली. आता हा युक्तिवाद झाला, आणि युक्तिवाद म्हटला की तपासला गेलाच पाहिजे. २०१८ साली जगाची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती. निम्मी केली तर ३८० कोटी, म्हणजे १९७०च्या पुढेमागे जेवढी होती तेवढी. पन्नास वर्षांत पुन्हा होतो तिथेच. हा तोंडी हिशोब आहे. तरी अख्ख्या चित्रपटात त्याला वेडा म्हणणारे भेटतात, हिशोब विचारणारा एकही भेटत नाही. लेखकाने समोरच्यांना गप्प बसवलं म्हणून तो विचारवंत वाटतो. माझ्या मते भाषण ओळखण्याची खूण हीच. ज्या बोलण्याला समोरून तोडीस तोड उत्तर येऊ दिलं जात नाही, ते भाषण.

दुसरं, उपदेश उलटतो. ऑलिव्हर स्टोनचा 'वॉल स्ट्रीट' (१९८७) लोभावर टीका करायला काढलेला. त्यातला खलनायक गॉर्डन गेको भागधारकांच्या सभेत हाव चांगली असते असं सांगतो. पण आधी तो कंपनीचे ३३ उपाध्यक्ष मोजून दाखवतो, प्रत्येकाचा वर्षाला दोन लाख डॉलरवर पगार, आणि विचारतो की हे सगळे नेमकं करतात काय. त्याला मतं हवी आहेत आणि तो ती मिळवतो. त्याच चित्रपटात नायकाचे कामगार वडील मुलाला समजावतात की झटपट पैशामागे धावू नकोस, काहीतरी निर्माण कर. चित्रपटाचं खरं म्हणणं ते! पण लक्षात कोण राहिला? गेको साकारणाऱ्या मायकल डग्लस यांनी अनेकदा सांगितलंय की तुमच्यामुळे आम्ही या धंद्यात आलो असं म्हणत लोक त्यांना भेटतात. चांगल्या माणसाच्या वाट्याला सुविचार आणि वाईटाच्या वाट्याला कृती दिली की असंच होणार.

तिसरीघंटा

बाभूळ, शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

एक मराठी उदाहरण द्यायचं राहून गेलं होतं. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल', १९७२. गोष्टीचा सांगाडा पाहा. परका माणूस, त्याच्यावर चोरीचा खोटा आळ, भर वस्तीत अपमान, मग सूड, मग सत्ता, मग क्रौर्य. आजच्या कुठल्याही खलनायकपटाचा आराखडा यापेक्षा वेगळा नसतो. पण व्यवस्था कशी माणूस वापरते आणि फेकते हे कोणी उभं राहून सांगत नाही. ते काम रंगमंचावरची माणसांची भिंत करते. प्रेक्षकांकडे पाठ करून ओळीने उभी माणसं. भिंत मिटली की आत काय चाललंय ते दिसत नाही, डोलत उघडली की तीच माणसं कीर्तनात रंगलेली. झाकणारी माणसं कोण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की समाज दोषी आहे असं म्हणायला पात्राची गरज उरत नाही. हे नाटक आहे, कॅमेरा नाही, क्लोजअप नाही, तरी जमलं.

कंदील

सगळ्यांचे आभार. रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री ते दोन्ही प्रसंग पुन्हा पाहिले.

समुपदेशक बाईंबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. मी फक्त वाक्य ऐकलं होतं, बाईंकडे पाहिलंच नव्हतं. त्या शेवटी नुसतं 'सॉरी' म्हणतात आणि त्यांच्याकडे द्यायला तेवढंच उरलेलं असतं. ती जागा मी माझ्या तक्रारीतून काढून टाकतो.

टॉक शोची जागा मात्र तशीच राहते. तिसरीघंटांची कसोटी लावून पाहिली. सुरुवातीला आर्थरला मरेकडून खरंच काहीतरी हवंय. याच माणसाने त्याची चित्रफीत लावून सगळ्या शहराला हसवलंय, आणि याच माणसाला तो मनातल्या मनात वडिलांच्या जागी मानत आलाय. मरे झालेला डी नीरो त्याला उलट उत्तरंही देतो, सगळेच लोक वाईट नसतात असं सांगतो. तिथवर ते दोघांचं भांडण आहे आणि मी श्वास रोखून पाहत होतो. मग 'समाज' हा शब्द येतो आणि मरे त्या खुर्चीतून नाहीसा होतो. 'तू मला हसण्यासाठी बोलावलंस' एवढ्यावर गोळी सुटली असती तर मला ती जास्त लागली असती.

आणि २०२४चा दुसरा भाग? न्यायालयात आर्थर स्वतःच सांगतो की जोकर वगैरे कोणी नाही, खून मीच केले. मला तो उपदेश वाटला, जुनीवहींच्या वृत्तपत्रमालकासारखा, फक्त या वेळी खुद्द खलनायकाच्या तोंडून.

अर्धविराम

दुसऱ्या भागाबद्दल मी एवढी खात्रीने नाही बोलणार. तिथे ऐकणारी एक व्यक्ती आहे, जोकरवर भाळलेली ली, आणि ते ऐकून ती उठून निघून जाते. बोलण्याचा परिणाम झाला ना.

कंदील

हो, हे खरं. तिचं उठून जाणं मी विसरलोच होतो. पुन्हा पाहतो.

जुनीवही

पाहणारच असाल तर आधी फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१) पाहा. लहान मुलांचा खुनी, शिट्टीवर एकच धून, आणि त्या शिट्टीवरून त्याला ओळखणारा आंधळा फुगेवाला. शेवटी गुन्हेगारांच्याच न्यायालयात तो खुनी झालेला पीटर लॉरी गुडघ्यावर येऊन ओरडतो की मला हे थांबवता येत नाही, तुम्हाला येतं. लांबलचक बोलणं आहे, डोळे बाहेर आलेले, बोटं स्वतःच्याच अंगात रुतवलेली. पण ऐकणारे त्याला ठार मारायला बसलेत, आणि लांग मध्येच त्यांचे चेहरे दाखवतो. त्या चेहऱ्यांकडे बघा.

आणि हो, त्यानंतर अगदी शेवटी काळ्या कपड्यांतल्या आया येतात. मुलांवर लक्ष ठेवायला हवं असं एक आई सांगते. सरळ आपल्याला. कंदील, तुमच्या हिशोबाने तो उपदेशच. मला मात्र दर वेळी तिचं ऐकावंसं वाटतं, आणि का ते मला अजून उलगडलेलं नाही. तुम्ही पाहून सांगा.